मुलाखतीच्या रांगेतून

बयो, परवा रांगेत तू ते पत्र माझ्या हातात दिलंस आणि तोंड फिरवून बसलीस. चार पानी पत्र, कोपऱ्यावर कारागृहाचा शिक्का, आणि तुझ्या नवऱ्याचं ते खतावणीत शोभावं असं अक्षर, एक ओळ वाकडी नाही. आत पानोपानी येशू. येशूनं शांती दिली, येशूमुळे झोप लागायला लागली, आता मी नवा माणूस झालोय. तू खालच्या आवाजात विचारलंस, "ताई, हे खरं असतं का हो? का आत गेलं की सगळ्यांनाच देव आठवतो?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तुझं नाव पुकारलं. तू पदर सावरत पळालीस आणि माझं उत्तर तिथं बाकड्यावरच राहिलं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहितेय. पोरगी झोपली की सवडीनं वाच.

मी ख्रिस्ती, तेव्हा "खरंच असतं गं, प्रभूची कृपा" असं म्हणून मोकळी होईन असं तुला वाटलं असणार. तसं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात काय आहे ते तुलाही दिसत नाही आणि मलाही नाही. पण तुरुंगात उगवलेला विश्वास कोवळा असताना कसा दिसतो आणि पिकायला लागला की कसा दिसतो, ते मी माझ्या सख्ख्या भावात पाहिलंय. रांगेतल्या बायका मला मंडळीतल्या ताई म्हणून ओळखतात, अर्ज भरून देणाऱ्या, पाण्याची बाटली पुढं करणाऱ्या. त्याच खिडकीसारख्या एका खिडकीसमोर मी स्वतः साडेपाच वर्षं उभी होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तुला आज सांगते.

आमचं गाव नगरकडचं. पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला तेव्हापासूनचं घर ख्रिस्ती. पण भाऊ नावापुरताच. रविवारी देवळात कमी आणि गुत्त्यावर जास्त. चुलतभावाशी त्याचा बांधावरून वाद होता. किती जागेचा? नांगराची दोन तासं. जूनचा पहिला पाऊस झाला, पेरणीला दोघं एकाच वेळी रानात उतरले, बोलाचाली झाली आणि माझ्या भावानं खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. एकच घाव. दवाखान्यात पोचायच्या आधी तो गेला. मागं तीस वर्षांची भावजय आणि दोन लेकरं. सदोष मनुष्यवधाची सात वर्षं लागली. माफीचे दिवस धरून साडेपाच वर्षांनी सुटला.

पहिलं वर्षभर काचेपलीकडून फोनवर तो एकच गाणं गायचा. शिवी आधी त्यानं दिली. साक्षीदार शिकवलेले होते. वकील बिनकामाचा निघाला. दारू एकदम तुटल्यामुळे सुरुवातीला त्याचे हात थरथरायचे, रात्र रात्र जागा असायचा. मी मनीऑर्डर करायची, बनियन-टॉवेल द्यायची, आणि "हो रे, तुझ्यावर अन्यायच झाला" म्हणून परत यायची. बहीण होते ना.

त्याच्या बराकीत एक म्हातारे बाबा होते, जन्मठेपेचे. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेलेली. भेटीला येणाऱ्या एका धर्मगुरूंनी त्यांना मोठ्या टायपातलं बायबल दिलेलं, पण वाचणार कसे? त्यांनी भावाला सांगितलं, रोज एक पान वाचून दाखव, आठवड्याला कॅन्टीनमधला बिस्किटांचा पुडा तुझा. माझ्या भावानं बिस्किटांसाठी बायबल हातात धरलं, बयो. लहानपणी आईनं छडी घेऊन जे पाठ करून घेतलं नाही, ते पुस्तक.

वाचन पहिल्या पानापासून सुरू झालं. चौथ्या दिवशी उत्पत्तीचा चौथा अध्याय आला. तुला ती गोष्ट कदाचित माहीत नसेल. काइन आणि हाबेल सख्खे भाऊ. काइन शेतकरी, हाबेल मेंढरं राखणारा. काइन मनात आकस धरतो आणि शेतात गाठून भावाला मारून टाकतो. मग देव त्याला विचारतो, भाऊ कुठं आहे म्हणून. काइन कानांवर हात ठेवतो. आणि देव सांगतो की त्या सांडलेल्या रक्ताची हाक मातीतून वर येतेय आणि मला ऐकू येतेय.

भाऊ तिथं अडकला. बाबांना म्हणाला, डोळे दुखतायत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्या रात्री बाबांनी चादरीतून हळूच विचारलं, "बाळा, तू कुणाला मारलंस?" आणि त्यानं चुलतभावाचं नाव घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा. कोर्टात सगळे त्याला मयत म्हणत होते, आम्ही घरात तो म्हणत होतो. नाव कुणी घेतच नव्हतं.

त्यानंतरच्या मुलाखतीला फोन कानाला लावून तो नुसता उभा राहिला. देवाचं काही बोलला नाही, शांतीचं नाही, चमत्काराचं नाही. वेळ संपत आली तेव्हा म्हणाला, "आक्का, त्या साली त्याची बाजरी कुणी पेरली गं?"

मला उत्तर देता आलं नाही. मला माहीतच नव्हतं. भावजयीचं घर आमच्या दारापासून चाळीस पावलांवर. एस्टीनं चार तासांचा प्रवास करून मी दर वेळी तुरुंगाच्या दारात पोचत होते आणि ती चाळीस पावलं वर्षभरात एकदाही चालले नव्हते. देवळात ती पुढच्या बाकावर बसायची, मी तिची पाठ बघायची. त्या दिवशी घरी आले, चहासुद्धा घेतला नाही, सरळ तिच्या दारात गेले. तिनं दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. चौथ्या खेपेला तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, तिचे वडील माहेराहून बैल घेऊन आले होते, त्यांनी पेरली.

तुझ्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर एवढंच आहे. माझ्या भावाचा विश्वास मला त्याच्या प्रार्थनेत दिसला नाही, बाजरीच्या त्या प्रश्नात दिसला. प्रार्थना त्यानं त्यानंतर कितीतरी महिन्यांनी केली. शुभवर्तमानं वाचली, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या दरोडेखोराची गोष्ट पन्नासदा वाचली. काइनाच्या गोष्टीतही पुढं एक गोष्ट आहे, ती बाबांनी त्याला समजावून दिली. देव काइनाला शिक्षा देतो, जमिनीवरून हाकलतो, पण कुणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून त्याच्यावर खूणही करून ठेवतो. शिक्षा करणारा तोच आणि राखणाराही तोच. हे ज्या दिवशी त्याला कळलं त्या दिवसापासून त्याला झोप लागायला लागली, असं तो सांगतो. जेलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या बरं का, आणि त्या त्यानं देवावर विश्वास ठेवला म्हणून सोडल्या नाहीत. काही गोळ्या चालू असतील तर तुझ्या नवऱ्यालाही सोडू देऊ नको.

आता तुझ्या पत्राकडे येते. मी ते दोनदा वाचलं आणि त्यात एक गोष्ट शोधत राहिले. तूच मला सांगितलं होतंस, तुमच्या गल्लीतल्या त्या शिवणकाम करणाऱ्या आजी, नातीच्या लग्नासाठी पतसंस्थेत पैसे ठेवलेल्या, आणि दर महिन्याला पासबुक घेऊन तुझ्या नवऱ्याच्याच टेबलापाशी येणाऱ्या. सही येत नाही म्हणून अंगठा उठवणाऱ्या. चार पानांत त्या आजी नाहीत. एकही ठेवीदार नाही. तूही नाहीस, बयो, "तुला फार सोसावं लागलं" यापलीकडे.

म्हणून पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. काहींना शांती आधी मिळते आणि डोळे नंतर उघडतात. पहिल्या वर्षभरात माझा भाऊही जागचा हलला नव्हता. पण त्याला तिथंच बसू देऊ नको. शुभवर्तमानात जक्कय नावाचा एक माणूस आहे, बायबल हाताशी असेल तर त्याला सांग लूकचा एकोणिसावा अध्याय काढ म्हणून. जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो, एवढंच. उपदेश केल्याचं काही लिहिलेलं नाही. तरी जक्कय उठून सांगतो, निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. तुझ्या नवऱ्यासारख्या, आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हा अध्याय माझ्या भावाच्या अध्यायापेक्षा जवळचा वाटेल.

तू म्हणालीस की तुझा दीर हसतो, म्हणतो जामिनासाठी सोंग आहे. अशा संशयाला मी दोष देत नाही. अमेरिकेत चार्ल्स कोल्सन नावाचा वकील होता, राष्ट्राध्यक्ष निक्सनचा उजवा हात, विरोधकांना चिरडण्यासाठी कुप्रसिद्ध. वॉटरगेट प्रकरणाचा फास आवळत आला असताना १९७३ मध्ये तो ख्रिस्ताकडे वळला. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली, व्यंगचित्रं काढली. सगळ्यांना वाटलं, हा शिक्षा चुकवायला बघतोय. मग १९७४ च्या जूनमध्ये त्यानं एक काम केलं. डॅनियल एल्सबर्ग नावाच्या माणसाला बदनाम करून त्याच्या खटल्यात ढवळाढवळ केल्याचा गुन्हा त्यानं स्वतःहून कबूल केला, आणि तुरुंगात गेला. सात महिने काढले. बाहेर आल्यावर १९७६ मध्ये त्यानं कैद्यांसाठी प्रिझन फेलोशिप ही संस्था काढली आणि २०१२ मध्ये मरेपर्यंत तो तुरुंगात जात राहिला, कैद्यांना भेटायला. ज्यानं शिक्षा चुकवण्यासाठी देव धरला असता, तो सुटल्यावर तुरुंगाकडे फिरकला असता का?

पण एक नीट ऐक, कारण इथं बायका चूक करतात. कबुली दे असं तू त्याला पत्रात लिहू नको. पत्रं वाचली जातात, खटला अजून उभा राहायचाय, ठेवीदारांना फसवल्याबद्दलचं एमपीआयडीचं कलम लागलेलं आहे. काय कबूल करायचं, कुठं, कसं, हे त्यानं आधी वकिलाशी बोलावं. कोल्सनही आपल्या वकिलांशी बोलूनच उभा राहिला होता. तू फक्त काचेपलीकडे त्याच्या डोळ्यांत बघून विचार, "त्या आजींचं काय?" आणि गप्प राहा. काय उत्तर येतं ते बघ. चिडला तर चिडू दे. रडला तर लगेच समजूत घालू नको. मी माझ्या भावाची समजूत घालत घालत त्याचं एक वर्ष वाया घालवलं, हे मला आजही सलतं.

आणि त्याच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे ना, प्रभू मला नक्की बाहेर काढील म्हणून, ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. जामीन फेटाळला तर काय? मग प्रभूही फेटाळला जाणार? टेक्सासमधली कार्ला फे टकर मला अशा वेळी आठवते. ऐन विशीतली मुलगी, लहानपणापासून नशेत बुडालेली. १९८३ मध्ये ह्यूस्टनला तिनं साथीदाराबरोबर कुदळीनं दोन माणसांना मारलं. तिच्या तुरुंगात काही ख्रिस्ती लोक बाहुल्यांचा खेळ घेऊन आले होते. तिथून तिनं एक बायबल लपवून कोठडीत नेलं. चोरलं. ते फुकटच वाटत होते हे तिला माहीत नव्हतं. कोठडीच्या कोपऱ्यात बसून ती ते वाचायला लागली. पुढं १४ वर्षं ती देहदंडाच्या शिक्षेखाली जगली, दयेचा अर्ज केला, जगभरातून तिच्यासाठी रदबदली झाली. अर्ज फेटाळला गेला. ३ फेब्रुवारी १९९८ ला हंट्सव्हिलला तिला सुई देऊन मारलं. शेवटचं बोलली ते ज्यांची माणसं तिनं मारली त्या घरांची माफी मागत.

तिनं मारलेल्या बाईचा भाऊ रॉन कार्लसन, त्यानं तिला क्षमा केली होती. तो त्या दिवशी तिच्या बाजूनं साक्षीला उभा होता. त्याच बाईचा नवरा मात्र क्षमा करू शकला नाही, आणि तिच्या मरणानं त्याला समाधान वाटलं. मी दोघांनाही नावं ठेवत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याच्यावर क्षमेची सक्ती करणारे आपण कोण? पण कार्लाचं मला सांगायचंय ते असं, की तिच्या विश्वासानं तिला एक दिवससुद्धा जास्तीचा मिळवून दिला नाही आणि तरी तो शेवटपर्यंत तिच्याजवळ होता. तुझ्या नवऱ्यानं देवाशी जामिनाचा सौदा केला असेल, तर तारीख पडली की तो मोडेल. सौदा केला नसेल, तर शिक्षा लागली तरी काही उरेल.

तू रोज स्वतःला विचारत असशील, आतल्या माणसात बदल होतो तरी कशानं? पुस्तकानं होतो असं मी आधी समजत होते. आता मला वाटतं, कुणीतरी आत यावं लागतं. इंदूरच्या तुरुंगातली हकिकत ऐक. केरळातल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगरच्या भागात आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकारांच्या कचाट्यातून लोकांना सोडवायच्या, हे काहींच्या डोळ्यांवर आलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या बसनं निघाल्या होत्या, तेव्हा समुंदर सिंग नावाच्या तरुणानं भर बसमध्ये त्यांच्यावर सुऱ्यानं वार केले. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली. आत तो सूडाच्या आगीत जळत होता, ज्यांनी भरीला घातलं त्यांनी वाऱ्यावर सोडलं म्हणून. स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटायला जाऊ लागले. आणि २००२ च्या राखी पौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्या तुरुंगात गेली आणि ज्या हातानं आपल्या बहिणीला मारलं त्या हाताला तिनं राखी बांधली.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही. कारण मीही बहीण आहे, पण मी त्या बाजूची बहीण होते, मारणाऱ्याची. आमच्या गावात राखी कुणी कुणाला बांधायची होती? पुढं त्या घरानं आणि सिस्टरांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा राणी मारियांच्या आईनं त्याचे हात हातात घेऊन चुंबले, त्या हातांना आपल्या लेकीचं रक्त लागलंय म्हणून. ४ नोव्हेंबर २०१७ ला राणी मारियांना धन्यवादित म्हणून घोषित केलं गेलं. त्यांच्या कबरीपाशी तो माणूस जात असतो. त्याच्या धर्माचं काय झालं हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

धर्मावरून आठवलं. सासूबाई म्हणतात ना, पोरगा बाटला म्हणून. त्यांच्यावर चिडू नको, म्हातारपणी मुलगा तुरुंगात आणि वर हे, त्यांनी तरी काय करायचं? पण तू घाबरू नको. त्याच्या पत्रात बाप्तिस्म्याचं काहीच नाही, आणि माझं मत विचारशील तर आत असताना त्यानं तो निर्णय करूच नये. बाहेर येऊ दे, मोकळ्या हवेत चार महिने जाऊ देत, तुझ्याशी बोलू दे. आमच्या पाळकांचंही हेच म्हणणं असतं. आणि तो ख्रिस्ती झाला तर तूही झालंच पाहिजे असं कुणी म्हणालं, मीसुद्धा म्हणाले, तर ऐकू नको. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या भांडल्या, रडल्या, दूर राहिल्या, सोवळंओवळं एकेक करून स्वतःच्या पायांनी ओलांडत आल्या. स्मृतिचित्रे मिळवून वाच. ग्रंथालयात मिळेल. ते वाचून तुला तुझ्या रागाची लाज वाटणार नाही.

रागाचं बोलायचं तर तो आहे तेवढा राहू दे. नवरा दोन वर्षं घरी येऊन जेवताना तुझ्याशी खोटं बोलला. त्याला देवानं क्षमा केली असेल, तू आज केलीच पाहिजे असं नाही. तुझी झोप, तुझं रक्त तपासणं, पोरीची फी, हे आधी बघ. गेल्या खेपेला तू सकाळपासून उपाशी होतीस, मला कळलं होतं.

रांगेत उभं राहणाऱ्या बायकांना कुणी मोजत नाही. पण ऐक, १८५० च्या जानेवारीत रशियात दोस्तोव्हस्की नावाच्या तरुण लेखकाला बेड्या घालून सैबेरियात नेत होते. सरकारविरोधी मंडळात बसला म्हणून. गोळ्या घालायला उभं करून ऐन वेळी शिक्षा बदललेली. वाटेत तोबोल्स्कला काही बायका त्याला भेटायला आल्या. त्याच्या नात्यातल्या नव्हत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्यांना बंडाबद्दल सैबेरियात धाडलं होतं आणि त्या घरदार, मानमरातब सोडून मागोमाग आलेल्या. तिथंच त्यांची उमर गेली. त्यांनी त्याला नव्या कराराचं एक पुस्तक दिलं, बांधणीत दहा रुबल लपवून. ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं ते पुस्तक त्याच्या उशाखाली होतं, आणि पुढं ते त्यानं जन्मभर जपलं. १८८१ मध्ये मरणाच्या दिवशी त्यानं बायकोकडून तेच उघडून वाचून घेतलं. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन रांगेत येते ना, ते त्या बायकांची गोष्ट ऐकल्यापासून.

तुला एक काम सांगते, जमलं तरच कर. त्या शिवणकाम करणाऱ्या आजींकडे एकदा जा. एकटी नको, कुणाला तरी सोबत घे. पैसे परत करीन असं काही बोलू नको, ते तुझ्या हातात नाही आणि खोटी आशा वाईट. नवऱ्याची बाजूही मांडू नको. शिव्या देतील, देऊ दे. दार लावतील, परत ये. मी ती चाळीस पावलं चालायला वर्ष लावलं.

आमच्याकडचं विचारशील तर भावाला सुटून सहा वर्षं झाली. बांधाची ती दोन तासं त्यानं भावजयीच्या बाजूला सोडून दिली. तिनं ती पेरली नाहीत, पडीकच आहेत, तिथं तरवड माजलाय. देवळात ती अजून पुढच्या बाकावर बसते, तो शेवटच्या. प्रभुभोजनाला ती उठून परत जागेवर येईपर्यंत तो उठत नाही. त्याच्याशी ती एक शब्द बोललेली नाही आणि बोलावं असं त्यानं कधी सुचवलेलं नाही. गेल्या जूनमध्ये तिचा थोरला, आता विशीतला झालाय, आमच्या दारात आला. म्हणाला, आमच्या पाभरीचा फण मोडलाय, आईनं तुमची मागितलीय. भावानं पाभर काढली, धुतली, फण घासून दिले, आणि पोरगा नजरेआड होईपर्यंत गोठ्याच्या दारात उभा राहिला.

गुरुवारी मी रांगेत आहे. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आण, एक ते ठेवून घेतात. येताना पोळी खाऊन ये. आणि त्याला लूकचा एकोणिसावा अध्याय सांगायला विसरू नको.